परमुलखातली शिंगे

आमच्या आत्याच्या फडताळात पितळेचा एक डबा असे. त्यात जायफळ, मायफळ, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड अशी बाळगुटीची सारी मंडळी नांदत. आणि त्यांच्याच शेजारी, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला, सांबरशिंगाचा एक तुकडा. कोणाच्या छातीत कफ साठला, कोणाच्या बरगडीत उसण भरली, की आत्या सहाण मांडून बसायची. पाण्याचे दोन थेंब टाकून ती तो तुकडा गोल गोल उगाळी आणि करड्या रंगाचा तो लेप किंचित ऊन करून दुखऱ्या जागी लावी. गुण यायचा की नाही ते देव जाणे. पण उगाळण्याचा तो खरखर आवाज कानी पडला की निम्मे दुखणे पळायचे. माझ्या आठवणीत तो तुकडा चार इंचांचा होता. आत्याच्या सासूच्या वेळी तो वीतभर होता म्हणे. म्हणजे दोन पिढ्यांनी मिळून अर्धेअधिक शिंग छातीला चोळून संपवले होते.

पण शिंग म्हणजे काय, हा प्रश्न मला पुष्कळ उशिरा पडला. आणि तोही माझा मला पडला नाही, माझ्या एका विद्यार्थ्याने पाडला. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. कादंबऱ्या लिहितो त्या कल्पनेच्या जोरावर, आणि सांगायला संकोच वाटतो, पण वर्गातही अडचणीच्या वेळी कल्पनेचाच आधार घेतो. काही वर्षांपूर्वी मुलांची सहल घेऊन दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जुन्या संस्थानच्या राजवाड्यात गेलो होतो. दिवाणखान्याच्या भिंतीवर शिकारीत मारलेल्या जनावरांची मुंडकी ओळीने लावलेली. काचेच्या डोळ्यांनी ती आमच्याकडे बघत होती. एका मुलाने सांबराकडे बोट करून विचारले,

“सर, हे केवढे असेल? म्हणजे, वय किती?”

मी ठोकून दिले, “टोके मोज. जितकी टोके तितकी वर्षे.”

पोराने मोजली. सहा भरली. मग पुढच्या सांबराची मोजली. तीही सहा. तिसऱ्याची सहा, चौथ्याची सहा. सबंध ओळ मोजून तो परत आला आणि अगदी भाबडेपणाने म्हणाला, “म्हणजे राजेसाहेब सहा वर्षांचेच सांबर शोधून मारायचे का, सर?”

बाकीची पोरे हसली. मीही हसलो, पण माझे हसणे वरवरचे होते. घरी परतल्यावर मी पुस्तके धुंडाळायला लागलो, ती आपली चूक कुठवर होती ते बघण्यासाठी. चूक पुष्कळ मोठी निघाली. सांबराच्या एका शिंगाला साधारणपणे तीनच टोके फुटतात. नर वयात आला की पुढे तो कितीही जगो, टोके तेवढीच. चितळाचेही तेच. टोकांवरून वय सांगणे हा जगभरच्या शिकाऱ्यांचा आणि मास्तरांचा लाडका भ्रम आहे, एवढेच समाधान मिळाले. मात्र त्या शोधात जी दुसरी एक हकिगत हाती लागली ती इतकी विलक्षण होती की मूळ प्रश्न बाजूला राहिला. ती आज तुम्हांला सांगावी म्हणतो.

आपल्या भाषेत बैलाच्या डोक्यावर असते ते शिंग आणि सांबराच्या डोक्यावर असते तेही शिंगच. वस्तू मात्र दोन निराळ्या. बैलाचे, बोकडाचे, काळविटाचे शिंग म्हणजे आत हाडाचा खुंट आणि वर नखासारखे कवच. ते एकदा आले की जन्मभराचे. मोडले तर पुन्हा येत नाही. सांबर, चितळ, बारशिंगा ह्यांचे शिंग निखळ हाडाचे. ते दरवर्षी गळून पडते आणि पुन्हा नव्याने उगवते. उगवताना त्यावर मखमलीसारखी लुसलुशीत कातडी असते, तिच्यातून रक्त खेळत असते, आणि वाढीच्या दिवसांत ते इतक्या झपाट्याने वाढते की रोज पाहणाऱ्याला कालच्यापेक्षा आज उंच दिसावे. पुरे वाढले की रक्त आटते, मखमल लोंबू लागते, नर ती झाडाच्या खोडावर घासून काढतो आणि खाली टणक हाड उघडे पडते. एवढे हाड दोन-चार महिन्यांत आणायचे कुठून? रोजच्या चाऱ्यातला चुना पुरत नाही. मग ते जनावर आपल्याच सांगाड्यातून, विशेषतः बरगड्यांतून, चुना काढून शिंगाला पुरवते आणि मागाहून सावकाश ती उसनवारी फेडते. हे वाचले तेव्हा मला आत्या आठवली. बरगडीतून निघालेली वस्तू ती पुन्हा बरगडीलाच लावत होती!

म्हणजे शिंगाचा आकार तीन गोष्टींवर ठरतो: नराचे वय, त्याचे कुळ, आणि शिंग वाढत होते त्या दिवसांत पोटात गेलेला चारा. ह्या तिसऱ्या गोष्टीकडे शिकाऱ्यांनी फार काळ पाठ फिरवली. त्या पाठ फिरवण्याचाच हा इतिहास आहे.

सुरुवात स्कॉटलंडपासून करावी लागते. १८५१ साली लँडसियर नावाच्या इंग्रज चित्रकाराने डोंगराच्या धुक्यात उभ्या असलेल्या एका नराचे चित्र काढले. शिंगांना बारा टोके, मान ताठ, नजर जगाच्या वर. त्या चित्राच्या नकला पुढे बिस्किटांच्या डब्यांवर आणि दारूच्या बाटल्यांवरदेखील झळकल्या. ते हरीण म्हणजे ‘रेड डिअर’, तांबडे हरीण. आपल्या काश्मीरच्या हंगुलाचे जवळचे नातलग. त्या काळी व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा आल्बर्ट ह्यांनी स्कॉटलंडमध्ये बाल्मोरलला घर केले होते, आणि डोंगरात जाऊन हरणाचा माग काढणे हा बड्या लोकांचा धर्मच होऊन बसला होता. त्याआधी त्याच डोंगरांतून गरीब कुळांना हुसकून मेंढ्या घातल्या गेल्या होत्या. आता कित्येक ठिकाणी मेंढ्या हलवून हरणे ठेवली गेली. बारा टोकांच्या नराला तिकडे ‘रॉयल’ म्हणतात. कुळाच्या पोराने असा रॉयल लांबून बघावा. बंदूक उचलली तर कोर्टाची पायरी.

आणि गंमत अशी, की चित्रातले ते वैभव डोंगरात फारसे उरलेच नव्हते. तांबडे हरीण हे मुळात रानातले, झाडीतले जनावर. स्कॉटलंडची राने शेकडो वर्षांच्या तोडीने उजाड झाली होती. उरले होते ओले, वाऱ्याने झोडपलेले माळ आणि त्यावरचे खुरटे गवत. त्या चाऱ्यावर हरणे खुजी झाली, शिंगे बारीक झाली. तेथल्या दलदलीत गाडलेली प्राचीन शिंगे सापडतात ती केवढी तरी मोठी असतात. जो तो ह्या खुजेपणालाच त्या जातीचे खरे रूप समजून चालला होता.

ह्याच लोकांतले काही जहाजात बसून पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडला गेले. १८४८ मध्ये ओटॅगो प्रांतात स्कॉटिश वसाहतवाल्यांनी डनीडिन हे शहर वसवले. देश सुरेख, पण पाहतात तो डोंगरात हरीण नाही, ससा नाही, कोल्हा नाही. न्यूझीलंडच्या भूमीवर वटवाघळे सोडली तर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. सारा देश पक्ष्यांचा. पूर्वी तेथे मोआ नावाचे न उडणारे प्रचंड पक्षी झाडपाला खात, तेही माओरी लोक आल्यानंतर शिकारीत संपले होते. म्हणजे कित्येक पिढ्या त्या रानातला पाला कोणी खुडलेला नव्हता. पंगत मांडून ठेवलेली आणि जेवणारा कोणी नाही, अशी अवस्था.

वसाहतवाल्यांना जिवाची करमणूक हवी होती. त्यांनी गावोगाव मंडळ्या काढल्या. परदेशचे पशुपक्षी आणून येथे रुळवायचे, हे ह्या मंडळ्यांचे काम. ओटॅगोची मंडळी १८६४ ची. त्यांनी काय काय आणले नाही! चिमण्या आणल्या, ससे आणले, ट्राउट मासे आणले. आणि हरणे. १८६१ मध्ये नेल्सन भागात इंग्लंडहून आलेला एक नर आणि दोन माद्या सुटल्या. १८६३ मध्ये विंडसरच्या राजउपवनातला एक नर आणि दोन माद्या वैरारापात. शिडाच्या जहाजातून तीन-चार महिन्यांचा प्रवास. जनावरे पेटाऱ्यात कोंडलेली. वाटेत पुष्कळ मेली. पण ज्या एका खेपेची पुढे सर्वांत कीर्ती झाली ती १८७१ ची. स्कॉटलंडच्या इन्व्हरमार्कच्या डोंगरातून डलहौसीच्या अर्लने पाठवलेली हरणे किनाऱ्याला उतरली आणि त्यांतली सात बैलांच्या गाड्यांत घालून आत मॉर्व्हन हिल्सच्या कुरणांकडे, लिंडिस खिंडीजवळ नेऊन सोडण्यात आली. डलहौसी हे घराणे म्हणजे तेच, ज्याच्या एका लाटसाहेबाने आपली सातारा, नागपूर, झांशी ही संस्थाने खालसा केली. इतिहासाच्या मास्तराला हे नाव असे अचानक हरणांच्या पेटाऱ्यावर भेटले की जरा दचकायला होते.

त्या हरणांपुढे पहिली अडचण पंचांगाची होती. स्कॉटलंडमध्ये नर माजावर येऊन हंबरतात ते सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात, म्हणजे आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास. पण विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे. तेव्हा तेथे वसंत. हरणाचे शरीर हंगाम ओळखते ते दिवस लहान-मोठा होण्यावरून. त्याने निमूटपणे आपले पंचांग सहा महिन्यांनी फिरवून घेतले. न्यूझीलंडमध्ये नर हंबरतात ते मार्चअखेर नि एप्रिलात, गुढीपाडवा-रामनवमीच्या दिवसांत. परदेशी गेलेल्या माणसाला नव्या घड्याळाची सवय व्हायला वर्ष लागते आणि घरची वेळ तो जन्मभर मनात मोजत राहतो. हरणाला तसले काही लागले नाही.

पुढे काय झाले ते कोणी अपेक्षिले नव्हते. खुज्या डोंगरी हरणांची ही पोरे नव्या रानात सुटली आणि त्यांची अंगे भरली. एका पिढीत शिंगे जाड झाली, लांब झाली, फाकली. स्कॉटलंडात ज्या शिंगाची वर्षानुवर्षे चर्चा व्हावी तसली शिंगे ओटॅगोत हंगामाला कित्येक मिळू लागली. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक पार्कमधून आणलेली नऊ हरणे राकाया नदीच्या खोऱ्यात सुटली आणि त्या कळपाने तर विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या फाकलेल्या, बहुशाखी शिंगांनी साऱ्यांवर ताण केली. लंडनमध्ये रोलंड वॉर्ड नावाचा पेंढा भरणारा कारागीर होता. त्याने १८९२ पासून जगभरच्या शिकारीतल्या शिंगांची मापे नोंदणारे पुस्तक काढले होते. लांबी किती, बुंध्याचा घेर किती, दोन शिंगांमधले अंतर किती, टोके किती, सारे इंचात. जगातले शिकारी त्या पुस्तकात नाव यावे म्हणून झुरत. आता ते न्यूझीलंडची तिकिटे काढू लागले.

मला ह्यातला खरा जिव्हाळ्याचा भाग वाटतो तो त्या शिकाऱ्यांचा नव्हे, तेथल्या साध्या माणसाचा. ज्याच्या आजाला मायदेशी हरणाकडे वर मान करून बघायची सोय नव्हती, तो मेंढपाळ, तो लाकूडतोड्या आता परवान्याचे पैसे भरून डोंगरात जात होता आणि बाल्मोरलच्या पाहुण्याला मिळाले नसते असे शिंग पाठीवर टाकून घरी आणत होता. ते खोपटाच्या भिंतीवर ठोकताना त्याला काय वाटत असेल? केवळ हाड ठोकत नव्हता तो. ‘आम्ही आणि आमची हरणे तिकडे खुजी होतो ती तुमच्या माळामुळे’ असे काहीतरी तो त्या खिळ्याबरोबर ठोकत असणार. निदान मी कादंबरी लिहिली तर तसेच लिहीन.

पण भरलेले ताट कुठवर पुरणार? वाघ नाही, लांडगा नाही. मंडळ्यांचा नियम असा, की मादी मारायची नाही. ठरावीक हंगामात ठरावीक नर मारायचे. चांगले शिंग दिसले की गोळी, वाईट दिसले की सोडून द्या. साताची हजारो झाली. रानातली कोवळी रोपे, ज्यांना काटे नव्हते की कडूपणा नव्हता, ती आधी संपली. आणि विसाव्या शतकाची पंधरा-वीस वर्षे उलटेतो जुन्या कळपांतल्या शिकाऱ्यांची कुरकुर सुरू झाली: शिंगे पूर्वीसारखी राहिली नाहीत. बारीक होताहेत, वाकडी येताहेत, टोके गळताहेत.

आता ह्याचे कारण त्यांनी काय दिले पाहा. रक्त बिघडले, म्हणाले. भाऊबंदकीतली लग्ने झाली. नवे रक्त आणा. वाकड्या शिंगांचे नर कुलाला बट्टा लावतात. त्यांना टिपून मारा. तशी माणसे नेमली गेली आणि वाकड्या शिंगांचे नर टिपले गेलेही. माद्या मात्र वर्षानुवर्षे राखलेल्याच राहिल्या आणि दर वर्षी पाडसे होत राहिली. कुळाचा अभिमान असणाऱ्या माणसाला भूक दिसत नाही, रक्त दिसते. हा दोष काही त्या बेटावरचाच नव्हे. स्थळे बघताना आपल्याकडेही मी तो पुष्कळ ऐकला आहे.

खरे कारण दुसऱ्या एका माणसाने वेगळ्याच मुलखात, मध्य युरोपात, १९३० च्या दशकात दाखवून दिले. फ्रान्झ व्होग्ट त्याचे नाव. त्याने आवारात साधी तांबडी हरणे पाळली आणि त्यांना पोटभर, चौरस खुराक दिला. त्या खुराकात मुख्य होती तिळाची पेंड! आपल्या गोठ्यातल्या म्हशीला घालतो तीच. थोड्याच पिढ्यांत त्या हरणांची अंगे आणि शिंगे अशी वाढली की मोठमोठ्या राजेरजवाड्यांच्या रानांतले नर त्यांच्यापुढे फिके पडले. रक्त तेच होते. इन्व्हरमार्कच्या सात हरणांनी लिंडिस खिंडीत नकळत जो प्रयोग करून दाखवला होता तोच व्होग्टने मोजून मापून केला. ओटॅगोचे ते सुवर्णयुगातले शिंग म्हणजे मोआच्या काळापासून साठलेल्या चाऱ्याची पुंजी होती. ती एकदाच खर्च करता येते. पुंजी संपल्यावर हरणे खालच्या पायरीवर येऊन ठेपली. वंशाला काही झाले नव्हते.

ह्या चढउताराची रीतसर मांडणी पुढे ग्रेम कॉली ह्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये केली. नव्या मुलखात सोडलेला कळप आधी फोफावतो, शिगेला पोचतो, चारा ओरबाडतो, मग घसरतो आणि कमी चाऱ्याशी कमी संख्येने तह करतो. योगायोग असा, की त्याने हे अभ्यासले ते आपल्या हिमालयातल्या ‘थार’ ह्या रानबकऱ्यावर. बेडफर्डच्या ड्यूकने भेट दिलेले थार १९०४ मध्ये न्यूझीलंडच्या माउंट कुकजवळ सोडण्यात आले होते, आणि तेथे त्यांचे आजही बख्खळ कळप आहेत.

हरणांचे पुढचे दिवस वाईट आले. डोंगर खचताहेत, नद्या गाळाने भरताहेत, ह्याला हरणे जबाबदार, अशी हाकाटी झाली. (डोंगर मुळातच खचणारे होते, हे शास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षांनी सांगितले. रानातल्या झाडोऱ्याची हानी मात्र खरी होती.) १९३० मध्ये क्राइस्टचर्चला ह्या संकटावर परिषद भरली, हरणाचे उरलेसुरले संरक्षण काढून घेतले गेले आणि पुढच्याच वर्षापासून कॅप्टन येरेक्स नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली सरकारी शिकारी डोंगरात पाठवण्यात आले. ज्यासाठी परवाना लागत होता त्यासाठी आता पगार मिळू लागला. शिंगाला कोणी विचारेना. दिवसाला किती पडली तेवढे बघायचे, पुराव्याला शेपटी किंवा कातडे आणायचे. नर, मादी, पाडस, सारे एका मापाने. त्या धंद्यातल्या बॅरी क्रम्प नावाच्या तरुणाने १९६० मध्ये आपल्या अनुभवांवर ‘अ गुड कीन मॅन’ हे पुस्तक लिहिले आणि ते तेथे घरोघर गेले. १९६० च्या दशकात परदेशात हरणाच्या मांसाला भाव आला आणि हेलिकॉप्टरमधून शिकार सुरू झाली. मग कोणाच्या तरी लक्षात आले की मेल्या हरणापेक्षा जिते हरीण महाग. तेव्हा त्याच हेलिकॉप्टरमधून माणसे जिवंत हरणांच्या पाठीवर उड्या टाकू लागली, जाळी फेकू लागली. ह्या खेळात कित्येकांचे प्राण गेले. १९७० च्या सुमारास कायद्याने हरणांची शेती मान्य झाली, आणि तीन पिढ्यांत जे जनावर राजाचे पाहुणे, मग चोर, असे झाले होते ते गोठ्यातले गुरू झाले.

आज ह्या गोठ्यांतून मांसाइतकीच दुसरी एक वस्तू निघते. मखमलीत असतानाच कापलेले कोवळे शिंग. ते वाळवून चीन-कोरियाकडे जाते; तिकडच्या वैद्यकात त्याला मोठा मान. हे वाचून माझी आत्या एवढेच म्हणाली असती, “मग? मी काय वेडी होते?”

आता आपल्या घरच्या मंडळींकडे वळू. कारण हा खेळ केवळ तांबड्या हरणाचा नव्हता. भारतातले चितळ हाँगकाँगमार्गे हवाई बेटांवर पोचले. तेथला राजा पाचवा कामेहामेहा ह्याला ती भेट होती, आणि १८६८ च्या आरंभी ते मोलोकाई बेटावर सुटले. राजाने त्यांना अभय दिले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांचे कळप आवरायला भाडोत्री शिकारी आणावे लागले. चितळाला तर विलायती पंचांगाचीही फिकीर नाही. आपल्या उष्ण मुलखात त्याचे नर निरनिराळ्या महिन्यांत शिंगे टाकतात, त्यामुळे कळपात बारा महिने कोणी ना कोणी टणक शिंगांचा असतोच; आणि ही सवय त्याने परदेशीही ठेवली. शिकाऱ्याला ह्याहून सोयीचे काय? १९३२ मध्ये चितळ अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये गेले. तेथे आज ते वर्षभर मारता येतात, आणि चांगल्या शिंगाच्या नराचे कुरणमालक रोख पैसे घेतात. हवाईच्या माउई बेटावर मात्र दुष्काळात चितळ भुकेने मरून रस्त्याकडेला पडू लागले, तेव्हा २०२१ मध्ये तेथल्या गव्हर्नरला आणीबाणी पुकारावी लागली. ओटॅगोतही १८६७ मध्ये चितळ सोडले होते. त्यांना तेथल्या शेतकऱ्यांनी शतक संपायच्या आत पिकांच्या रागाने साफ संपवले. म्हणजे एकाच पाहुण्याला एका गावी पायघड्या आणि दुसऱ्या गावी काठ्या.

सांबराचे तर ह्याहून विचित्र. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १८६० च्या दशकात सिंहल-हिंदुस्थानातून नेलेले सांबर आज तेथल्या डोंगरात इतके माजले आहेत की ते हटवावेत कसे ह्याची सरकारला पंचाईत, आणि शिकाऱ्यांना मात्र ते परमप्रिय. इकडे मायदेशात सांबर धोक्याच्या यादीत गेले आहे. तराईच्या गवताळ मुलखातला पाढा, ठेंगणासा, डुकरासारखा मान खाली घालून पळणारा, तर आज आपल्या बाजूला दुर्मिळच झाला आहे. आणि त्याच व्हिक्टोरियात दर एप्रिलमध्ये त्याचा शिकारीचा हंगाम असतो. माणशी एक नर, एक मादी, आणि मारलेले जनावर तपासणी नाक्यावर दाखवायचे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. ती झाली हे बरेच झाले. नाहीतर त्या राजवाड्याच्या भिंती अजून भरत राहिल्या असत्या आणि रान रिकामे झाले असते. पण त्याचा परिणाम असा, की रोलंड वॉर्डच्या जातीच्या वह्यांत आपल्या चितळ-सांबराच्या नावापुढे नवे आकडे पडतात ते परमुलखातले. जुन्या पानांवर सातपुडा, नीलगिरी, मध्य प्रांत. नव्या पानांवर टेक्सास, व्हिक्टोरिया.

आणि तांबड्या हरणाचे काय? त्याची जगातली सर्वांत अवाढव्य शिंगे आज पुन्हा न्यूझीलंडमध्येच आहेत; पण कुंपणाच्या आत. निवडक पैदास, वर्षभर खुराक, आणि वेळ आली की उंच तारेच्या आतल्या डोंगरात सोडायचे. पाहुणा विमानाने येतो, शिंगाच्या मापाप्रमाणे पैसे मोजतो, गोळी घालतो. शिंगे इतकी फांद्यांची आणि जड की लँडसियरचा तो नर त्यांच्याशेजारी पाडस दिसावा. व्होग्टची पेंड जिंकली म्हणायची. माझ्यापुरते म्हणाल तर मला त्या लाकूडतोड्याच्या खोपटातले शिंग पाहायला मिळाले असते तर आवडले असते. ते कुंपणातले कोणी फुकट दिले तरी मी भिंतीला लावणार नाही.

हे सारे वाचल्यानंतर मी त्या वर्गात गेलो आणि टोकांची चूक मुलांपुढे कबूल केली. ज्याने मोजणी केली होती तो म्हणाला, “मला तेव्हाच माहीत होते, सर.”

आत्या गेल्यावर तिचा पितळी डबा माझ्याकडे आला. वेखंड, हळकुंड ठेवून घेतले. शिंगाच्या तुकड्याचे काय करावे सुचेना; कायद्याने तो घरात ठेवू नये, असे एका विद्यार्थ्याच्या वकील बापाने सांगितले. मग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याच्या वनखात्याच्या कचेरीत नेऊन दिला. कारकून भला माणूस होता. त्याने चिंधी सोडली, तुकडा उलटासुलटा करून पाहिला, एक बाजू उगाळून उगाळून काचेसारखी गुळगुळीत झाली होती तिच्यावरून अंगठा फिरवला. मग पट्टी काढली आणि वहीत लिहिले: सांबर, शिंगाचा तुकडा, नग एक. लांबी तीन इंच.